वाचक विचारतात : माळ्यावरचे गठ्ठे रेकॉर्ड रूमला पाठवायचेत, सुरुवात कुठनं करू?

प्रश्न : मी सोलापुरात विद्यापीठाच्या एका विभागात क्लार्क आहे. दोन कपाटं आणि अख्खा माळा जुन्या फायलींनी भरलाय, आता ते सगळं विद्यापीठाच्या सेंट्रल रेकॉर्ड रूमला पाठवा म्हणून सांगितलंय. सर म्हणतात टेम्पो बोलवा आणि भरून टाका. तसं केलं तर चालेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, टेम्पो सगळ्यात शेवटी. आधी यादी करा. यादी नसताना एक गठ्ठा जरी खाली गेला तरी उद्या कुणाची पेन्शन अडली की सर तुम्हालाच विचारणार, ‘ती फाईल कुठाय’, आणि तिकडचा माणूस म्हणणार, ‘तुमचे शंभर गठ्ठे आलेत, बघा त्यात’, मग बसा शोधत.

पहिल्यांदा चालू फायली बाजूला काढा, म्हणजे कोर्टात असलेली, ऑडिटचा शक (आक्षेप) लागलेली, माहिती अधिकाराचा अर्ज पडलेली, त्यातलं काही हलवायचं नाही आणि फाडायचं तर अजिबात नाही. मग उरलेल्याचं वर्गीकरण. सरकारी ऑफिसात फाईल किती वर्षं ठेवायची त्यावरून वर्ग पडतात, अ म्हणजे कायम, ब 30 वर्षं, क 10 वर्षं, क-1 ला 5 वर्षं आणि ड 1 वर्ष अशी पद्धत आहे, पण तुमच्याकडं विद्यापीठाचा स्वतःचा तक्ता असेल तर तोच धरा, अंदाजानं वर्ग लावू नका. ज्यांची मुदत संपलीय ते रेकॉर्ड रूमला पाठवून तिथली जागा कशाला अडवायची, लेखी परवानगी घेऊन इथंच नष्ट करा आणि त्याची पण यादी ठेवा.

एक गोष्ट मात्र नीट बघा. आपलं विद्यापीठ 1 ऑगस्ट 2004 ला झालं, त्याआधी इथं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्यामुळं माळ्यावर कोल्हापूरच्या लेटरहेडचे कागद निघणारच. ‘हे आपलं नाही’ म्हणून रद्दीत टाकू नका, त्याचा वेगळा गठ्ठा बांधा, वरती तसं लिहा. त्या काळातल्या मुलांना आजही जुना कागद लागू शकतो.

यादीत गठ्ठा नंबर, फाईलचं नाव, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, वर्ग, आणि नष्ट करायचं साल, एवढं पुरे. तीन प्रती काढा, एक गठ्ठ्यात, एक रेकॉर्ड रूमकडं, एक तुमच्याकडं, आणि पोच म्हणून सही-शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका बघा.

बांधताना रबरबँड नको, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते वितळून कागदाला चिकटतं, नंतर सोडवताना पान फाटतं. गंजलेल्या टाचण्या काढा, सुती नाडी वापरा. वाळवी लागलेला गठ्ठा वेगळा ठेवा आणि तसं आधीच कळवा, नाहीतर तुमची वाळवी सगळ्यांच्या रेकॉर्डला लागते. आणि खोकी गच्च भरू नका, शिपाईमामांची पाठ पण बघा की जरा.

प्रश्न : सगळं स्कॅन केलंय, मग कागद पाठवायचे कशाला? – आणखी एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : स्कॅन शोधायला बरं. पण सेवापुस्तकं, निकालाची रजिस्टरं, जमिनीचे कागद यांची मूळ प्रत लागतेच, ती ठेवा. बाकीचं मुदत संपली की तक्त्याप्रमाणं जाईल.