‘एवढी वर्षं तलाठी, आणि घर भाड्याचं?’

मावशी,

माझे मिस्टर तलाठी. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात अजून सगळे तलाठीच म्हणतात. 2007 पासून नोकरीत आहेत. सीनाकाठची तीन गावं त्यांच्या सजात, म्हणजे कामाच्या हद्दीत येतात. आम्ही तालुक्याच्या गावी दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. वरचा एक रुपया कधी घरात आलेला नाही, हे मी देवापुढे सांगेन. पण माहेरी गेलं की भाऊ सगळ्यांसमोर म्हणतो, ‘एवढी वर्षं तलाठी, आणि घर भाड्याचं? म्हणजे दाजींना जमत नाही.’ सगळे हसतात. मागे वडील गेल्यावर शेताचा फेरफार (वारसांची नावं लावायची नोंद) लवकर व्हावा म्हणून त्यानं यांना तिथल्या तलाठ्याला फोन करायला सांगितलं होतं. यांनी नाही म्हटलं. तेव्हापासून जास्तच बोलतो. आता तो प्लॉटिंगच्या धंद्यात आहे. म्हणतो, दाजी, नोकरी सोडा, नाहीतर ताईच्या नावावर भागीदारी करा. मुलगा नववीत आहे. परवा त्यानंही विचारलं, ‘पप्पा नक्की करतात काय?’ 2025 च्या नवरात्रात पूर आला तेव्हा हे अकरा दिवस घरी नीट आलेच नाहीत. मला ताप होता. नंतर विचारलं तर म्हणाले, ‘पंचनामे होते.’ बस. मला अभिमानही वाटतो आणि रागही येतो. भावाला काय उत्तर देऊ?

– एका तलाठ्याची बायको, सोलापूर जिल्हा

बाई गं,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. प्रश्न तू भावाबद्दल विचारलास, पण ‘मला ताप होता’ हे तीन शब्द दोन वाक्यांच्या मध्ये दडवून ठेवलेस. आधी भावाचं उरकते, कारण ते सोपं आहे. मग तापाकडे येते.

भाऊ का चिडलाय, ते तूच लिहिलंयस. दाजींनी फोन केला नाही. बाकी भाड्याचं घर वगैरे नंतरची फोडणी. तुझ्या यजमानांनी फोन का केला नसेल, हे तुला कुणी समजावून सांगितलंय का? तलाठ्याकडे अर्ज आला की तो नोंद धरतो, संबंधितांना नोटीस काढतो आणि हरकत घ्यायला 15 दिवस देतो. नोंद मंजूर करायचा अधिकार त्याला नसतोच, तो मंडळ अधिकाऱ्याचा. या सगळ्या काळात शिव्या मात्र तलाठ्याला. आता ते 15 दिवस कुणासाठी ठेवलेत, याचा विचार कर. वारस नोंदीत भावांची नावं भराभर चढतात आणि लांब नांदणाऱ्या बहिणीचं नाव ‘राहून जातं’, त्या बहिणीसाठी. धाकट्या भावाला न सांगता थोरल्यानं जमीन विकली, त्या धाकट्यासाठी. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. मीही वापरते, आणि त्यातले साडेपाच महिने मी कुणाला माफ करणार नाही. पण उरलेले 15 दिवस कुणाच्या तरी हक्काचे असतात. तुझ्या नवऱ्यानं ते दिवस स्वतःच्या मेहुण्यासाठीसुद्धा कापले नाहीत. हे ‘जमत नाही’ यात बसतं का, ते तूच ठरव.

भागीदारीचं तर नावही काढू नकोस. वर्तणूक नियमांप्रमाणे सरकारी कर्मचाऱ्याला असला धंदा करता येत नाही. बायकोचं नाव पुढे केलं तरी चौकशी लागली की बोट त्याच्याकडेच जातं. आणि प्लॉटिंगवाल्याला भागीदार म्हणून तलाठीच का हवा असतो? कोणती जमीन कुणाची, कुठल्या गटात वाद आहे, कोणता म्हातारा एकटा पडलाय, कुणाच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा चढलाय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. भावाला दाजींची अक्कल नकोय, त्यांची वही हवीय.

मग उत्तर काय द्यायचं? पुढच्या वेळी तो म्हणाला की म्हण, ‘हो, भाड्याचंच आहे,’ आणि भाजी वाढ. खुलासा केलास की वाद सुरू होतो, आणि वादात हसणारे नेहमी जिंकतात. कुणी ‘सरकारी जावई, म्हातारपणी पेन्शन आहेच’ म्हणालं तर मात्र जरूर सांग की राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून पुढे नोकरीला लागलेल्या बहुतेकांना ती जुनी पेन्शन नाही. पुष्कळांना हे माहीतच नसतं. बोलणाऱ्याचा घास क्षणभर हातात राहील, तेवढीच मजा.

एक कर, सगळ्या सरकारी खात्यांची वकिली करायला जाऊ नकोस. लोक उगाच हसत नाहीत. त्यांनी हेलपाटे घातलेले असतात, काहींनी पाकिटंही दिलेली असतात. माझी आई आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई होती. आयुष्यभर सरकारचीच नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर तिच्याच पेन्शनची फाइल एका कार्यालयात अडकली. सर्व्हिस बुकात एका वेतनवाढीची नोंद नव्हती. कारकून म्हणे, नोंद नाही म्हणजे नाही. आई आठव्यांदा गेली तेव्हा तो रजेवर होता आणि त्याच्या जागी दुसराच कुणी बसला होता. तो उठला, रेकॉर्डच्या खोलीत फरशीवर बसला आणि ऑफिस सुटून गेल्यावरही जुनी पगारबिलं उलटत राहिला. कागद सापडला. आई त्याला चहा पाजायला निघाली तर म्हणाला, शेवटची एसटी जाईल, पळतो. आईला त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. अडवणाऱ्याचं मात्र नाव, आडनाव आणि गावसुद्धा घरात सगळ्यांना पाठ होतं.

आईचा विषय निघालाच आहे, तर तुझ्या मुलाकडे येते.

आईची एक निळी पेटी होती, लस न्यायची. आत बर्फाच्या पिशव्या आणि मध्ये कुप्या. लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, नाहीतर वाया जाते, हे मला नंतर कळलं. लहानपणी एवढंच कळायचं की शाळेतून आल्यावर पेटी घरात नसली तर आईही नाही. उपकेंद्र म्हटलं की सपाटीवर 5 हजार लोकसंख्या. कागदावर छोटा आकडा दिसतो, पण तो वाड्यावस्त्यांवर पसरला की पायांना कळतो. मला त्या पेटीचा इतका राग होता की एकदा मी झाकण उघडून ठेवलं होतं. आईनं मारलं नाही. दुसऱ्या दिवशी सोबत घेऊन गेली. ऊन होतं, तीन वस्त्या झाल्या. एका घरात सासूनं दार लावून घेतलं, पोराला सुईनं ताप येतो म्हणून. आई ओट्यावर बसली. भांडली नाही, उपदेश केला नाही, नुसती बसून राहिली. सासूबाईंचे गुडघे, शेरडाचं दूध, कुणाचं लग्न, असं काहीबाही बोलत राहिली. तासाभरानं दार उघडलं. घरी येताना मी पेटीचा एक पट्टा धरला होता. आईनं त्या दिवशी मला काहीही समजावलं नाही आणि पुन्हा मी विचारलंही नाही की तू नक्की करतेस काय.

म्हणून मुलाला भाषण देऊ नकोस, आणि ‘पप्पा आपल्यासाठी किती राबतात’ हे तर मुळीच नको. त्या वयात असल्या वाक्यांची शिसारी येते. एका सुट्टीच्या दिवशी त्याला वडिलांच्या गाडीवर मागे बसव आणि पीक पाहणीला पाठव. (पीक पाहणीला म्हणतेय, वाळूच्या गाडीमागे नव्हे. तिकडे मोठ्यांनीही एकट्यानं जाऊ नये.) 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतःच मोबाइलवर करायची सोय आहे, पण ज्यांना ते साधत नाही ती म्हातारी माणसं बांधावर कुणाची वाट बघतात, ते त्याला दिसू दे. तिथं त्याच्या वडिलांना लोक काय नावानं हाक मारतात, तेही ऐकू दे. कधी शिवीही ऐकू येईल. येऊ दे.

आता तो ताप.

‘पंचनामे होते’ या दोन शब्दांत काय असतं, ते आधी सांगते. पाणी ओसरलं की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून शिवारात जातात. मदतीसाठी 33 टक्क्यांची रेघ आहे. नुकसान त्याच्या खाली असेल तर मदत नाही. ती रेघ कागदावर सरळ असते. चिखलात उभं राहून ती ओढायची म्हणजे एका बांधावरच्या माणसाला हो आणि पलीकडच्याला नाही म्हणायचं, आणि दोघंही तुम्हाला रोज भेटणार. कुणाची गाय दावणीलाच मेलेली असते. कुणाची माती वाहून जाऊन खडक उघडा पडलेला असतो, म्हणजे यंदाचंच नव्हे तर पुढच्या कैक वर्षांचं पीक गेलेलं. ते सगळं मोजायचं, फोटो काढायचे, पंचांच्या सह्या घ्यायच्या. रात्री याद्या संगणकात भरायच्या आणि कुणाचं आधारवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नाही ते निस्तरायचं. दोन महिन्यांनी पैसे आले नाहीत की फोन येतो तो मंत्र्याला नव्हे, तुझ्या नवऱ्याला. रोज तीस-चाळीस घरांचं दुःख लिहून आलेला माणूस घरी येऊन ‘पंचनामे होते’ एवढंच म्हणतो, कारण पुढचं सांगायला लागला तर उद्या परत जाववणार नाही. माझी आईही असंच करायची. ‘आज फिरती होती.’ संपलं.

हे सगळं मी तुला समजून घे म्हणून सांगत नाहीये. कारण कळलं म्हणून ताप उतरत नाही. पुराच्या अकरा दिवसांत ते तिकडे होते, ते बरोबरच होतं. तिथं त्यांच्याशिवाय चालणार नव्हतं. पण त्या दिवसांत तुला औषध कुणी आणून दिलं? शेजारच्या बाईनं? तुझ्या मुलानं? का तूच उठून गेलीस? त्यांनी हे अजून विचारलेलं नाही, आणि तुझा राग तिथं आहे. भावानं भाड्याचं घर काढलं की तू भडकतेस, कारण उत्तरादाखल सांगायला तुझ्याकडे काहीच नाही. नवऱ्यानंच तुला काही दिलेलं नाही. अभिमान वाटतो म्हणतेस, पण कशाचा, ते तुलाही ऐकूनच माहीत.

निष्ठावान माणसांची एक खोड असते. मी घरात पाहिलीय म्हणून ठामपणे लिहिते. संकटातली शिस्त ती संकट संपल्यावरही सोडत नाहीत. पूर ओसरतो, पण फोन जेवताना पानाशेजारीच राहतो. रात्री साडेनऊला ‘भाऊसाहेब, उतारा पाहिजे होता’ म्हणून फोन येतो आणि हात धुऊन माणूस अंगणात जातो. तो उतारा सकाळी मिळाला तरी कुणाचं काही अडत नाही. आता तर डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो. यातलं अकरा दिवसांचं काम कोणतं आणि साडेनऊचं काम कोणतं, हे त्यांना वेगळं करायला लाव. पहिल्याला तू कधीच आडवी येऊ नकोस. दुसऱ्याला ये.

आणि रजा. अर्जित रजा किती साठलीय, विचार त्यांना. असल्या माणसांची नेहमी साठलेली असते. 300 दिवसांच्या वर ती शिल्लक धरत नाहीत, पुढची नुसती वाया जाते. पेरण्या-पावसाचे दिवस सोडून आठ दिवस मागायला सांग. दिवाळीत माहेरी जायला नको, तिथं परत भाऊ आहे. कुठंतरी रेंज नसलेल्या ठिकाणी जा. गेलात की लगेच बोलतील असं नाही, पहिले तीन दिवस बहुतेक झोपतील. झोपू दे. चौथ्या दिवशी तू त्या तापाबद्दल सांग. तक्रार म्हणून नको. त्यांनी पंचनाम्यात लिहिलं असतं तसं सांग, किती ताप, किती दिवस, घरात कोण होतं. ती भाषा त्यांना समजते.

त्यांनी काय म्हटलं, ते मला कळव.

तुझी,
मावशी

ता. क. वडिलांच्या शेताचा फेरफार झाला, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. त्यात तुझं नाव लागलंय का, हे मात्र तू लिहिलं नाहीस. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा बघता येतो. गाव आणि गट क्रमांक टाकला की निघतो. भावाशी पुढचं बोलण्याआधी एकदा बघून घे.