दुसरा पावसाळा कोण काढणार?

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज मी सकाळी वाचला. सोबतचा, गावात करायच्या कामांचा बारा पानांचा अहवाल नातवाकडून छापून घेतला, कारण मोबाइलवर वाचताना मला नीट राग येत नाही.

शिमग्याआधीच्या गावसभेत तुला हसले, तेव्हा मी पुढच्याच बाकावर होतो. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. सभा उठल्यावर तू पंचायतीच्या पायरीवर एकटीच बसली होतीस. ते बघून मी मागच्या दाराने घर गाठलं. आता बोलतोय ते त्या दिवशीचं राहिलेलं समज.

पुढे काय करू म्हणून तू तीन वाटा लिहिल्यास. स्वतःची संस्था नोंदवायची, पुण्याची नोकरी धरायची, किंवा आहे त्या पाणी समितीत शिरून आम्हा म्हाताऱ्यांचं ऐकून घ्यायचं. यातलं बरं काय, ते मला विचारू नकोस. मी एसटीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं काढलेला माणूस. मला एकच प्रश्न विचारता येतो. दुसरा पावसाळा कोण काढणार?

पहिला पावसाळा काहीही काढतं. नवा पत्रा काढतो, नवा पंप काढतो, नवी समितीही काढते. पण आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वर खाडीची खारी हवा. दुसऱ्या जूनला नट पान्याला दाद देत नाही, पावतीपुस्तकाला बुरशी धरते आणि खजिनदार मुलाच्या शाळेसाठी विरारला गेलेला असतो. त्या वेळी पुढे येतो त्याच्यावर काम चालतं. उद्घाटनाच्या फोटोत तो बहुतेक नसतोच.

तुझ्या बारा पानांत शुद्ध पाण्याचं यंत्र आहे, नवं वाचनालय आहे, काजू फोडायचं युनिट आहे आणि शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स आहे. प्रत्येकाची किंमत पैशापर्यंत लिहिली आहेस. ‘देखभाल’ हा शब्द मात्र मला एकदाच सापडला, नवव्या पानावर, ‘लोकसहभागातून’ या शब्दाला बांधलेला. बाय, लोकसहभाग म्हणजे कोण? नाव लिही. चढणीवरचा अमका, दर मंगळवारी, सकाळी सात वाजता. असं लिहिता येत नसेल तर तो रकाना कोराच ठेव.

अ‍ॅम्ब्युलन्स वाचून मात्र मी पानं बाजूला ठेवली.

१०८ नंबरची सरकारी गाडी यायच्या आधीची गोष्ट. ती महाराष्ट्रात २०१४ साली आली. त्याआधी आमच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढून गावाला एक गाडी दिली. आग्रह माझा होता. मी मेकॅनिक, गाडीतलं मलाच कळतं, ही घमेंडही माझीच. सनई लावली, नारळ फोडला, तीन भाषणं झाली, त्यातलं एक माझं. ड्रायव्हरचा पगार, विमा, पासिंग, टायर यांचं ‘पुढे बघू’ म्हणालो. पहिलं वर्ष गाडी पळाली. दुसऱ्या पावसाळ्यात ड्रायव्हरला रत्नागिरीत कायम नोकरी लागली. गाडी फणसाखाली उभी राहिली, खालचा पत्रा कुजला, मागच्या बाकावर कोंबडी अंडी घालू लागली.

मे महिन्यात जांभ्याचे चिरे उचलताना एका गड्याला लाल विंचू डसला. घामाने निथळत होता, हातपाय गार. मी चावी घेऊन फणसाखाली धावलो. बॅटरी मेलेली. अखेर आंब्याच्या पेट्या उतरवून टेम्पोत त्याला आडवा घातला. तो जगला, पण माझ्या गाडीमुळे नाही. आरोग्य केंद्रातल्या औषध देणाऱ्या बाई कपाटातली प्राझोसिनची पट्टी संपण्याआधी दुसरी मागवत, म्हणून तो जगला. ती स्वस्त गोळी मुळात रक्तदाबावरची. विंचूदंशावर ती चालते हे दाखवलं डॉ. हिंमतराव बावस्करांनी, आपल्याच कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. माणसं पटापट मरत होती. हा डॉक्टर रात्र रात्र खाटेशेजारी बसून नाडी आणि रक्तदाब टिपत राहिला. पुढे ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगाने वाचलं. पण आधी ते टिपण होतं, एका रात्रीचं नव्हे, कित्येक हंगामांचं.

औषधवाल्या त्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा गावाने त्यांना शालसुद्धा दिली नाही. गाडीला मात्र हार घातला होता. घालणारा मी.

तू मुखपृष्ठावर आप्पासाहेब पटवर्धनांचा फोटो टाकलास. मला आवडलं आणि रागही आला. तत्त्वज्ञान शिकलेला हा माणूस. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैलासफाईचं काम मागितलं, ते मिळेना म्हणून अन्न सोडलं, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्यासाठी उपास धरला. हे तुला पाठ असेल. मला त्यांचं पुढचं आयुष्य जास्त लागतं. कणकवलीला १९४८ पासून गोपुरीत त्यांनी काय केलं? संडास. मैल्याचं खत कसं होईल, गॅस कसा निघेल, खेडुताला परवडेल असा संडास कसा बांधता येईल. वर्षानुवर्षं तेच. उपोषण करणाऱ्याचा फोटो निघतो, संडासाच्या खड्ड्यात वाकलेल्याचा सहसा निघत नाही. फोटो ठेव हवा तर, पण मग नवव्या पानावर ‘लोकसहभागातून’ लिहू नकोस.

तुझ्या यंत्राविषयी. पाणी शुद्ध करायला आपल्याकडे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम. आपली टाकी ४० हजार लिटरची, म्हणजे २०० ग्रॅम, बादलीत कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी टाकीत. मग निदान अर्धा तास नळ सोडायचा नाही. शेवटच्या घरच्या नळाचं पाणी नळीत घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं की क्लोरीन पोचला. शाळेतल्या पोरालाही जमेल. आणि तरीही आपल्या पंचक्रोशीत दर पावसाळ्यात एखाद्या वाडीला हगवण लागतेच. का? पावडरीचं पोतं उघडं राहतं. कोकणातल्या दमट हवेत दोन महिन्यांत त्यातला क्लोरीन उडून जातो, उरतो तो चुना. माणूस इमानाने रोज चुना टाकतो, रजिस्टरवर सही करतो. झाकण घट्ट लावायचं आणि पोत्यावरची तारीख वाचायची, एवढंच काम आहे. लाखाच्या यंत्राला तेही जमत नाही, कारण यंत्राच्या पोटातली जाळी बदलायलाही माणूसच लागतो.

निसर्ग वादळ आठवतं ना, ३ जून २०२०? तू तेव्हा मुंबईत अडकली होतीस. इथे तीन आठवडे वीज नव्हती. पंप बंद, टाकी कोरडी, सौरदिवे माडाबरोबर आडवे. अख्खी वाडी देवळामागच्या जुन्या विहिरीवर गेली. नळ आल्यापासून तिथे कोणी जात नसे. तरी कप्पी फिरली, दोर धड होता, कठड्याला शेवाळ नव्हतं. कशी? कोपऱ्यातल्या घरची म्हातारी दर अक्षय्य तृतीयेला कप्पीला ग्रीस लावायची. ग्रीस ती माझ्याकडूनच न्यायची, आणि मी तिला हसायचो, “काकी, विमानाला लावतेस काय?” पंधरा वर्षं हसलो मी तिला.

तुला हसले त्याचं म्हणूनच फार मनावर घेऊ नकोस. हसणाऱ्यांत मी मुरलेला आहे.

आता माझी बाजूही ऐक. गाव म्हणतं, नानाने १९ वर्षं पाणी समितीचं सचिवपद सोडलं नाही. खरं आहे. पाणीपट्टी थकली म्हणून मी सख्ख्या भावाचा नळ तोडला, हेही खरं. सात महिन्यांची बाकी होती. त्याचं म्हणणं, घरातलाच सचिव, चालतं. मी म्हटलं, त्याचं चालवून घेतलं तर उद्या वरच्या आळीचं कोणत्या तोंडाने मागू? त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही. अकरा वर्षं झाली. आमच्या वडिलांनी लावलेलं कलम त्याच्या वाटणीला आहे, त्याचा आंबा मी तेव्हापासून खाल्लेला नाही. पण त्या वर्षी वसुली पूर्ण झाली आणि पंपाची मोटार जळाली तेव्हा कोणाच्या पाया न पडता दुसऱ्या दिवशी ती वाइंडिंगला गेली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तोडीन.

इतकं लिहून पेन थांबलं, म्हणून पुढचंही लिहितो. घ्यायला कोणी आलं नाही म्हणून पद सोडलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. आले होते. दोन पोरगे आले होते. एकाने पावतीपुस्तकात खाडाखोड केली, त्याला मी चारचौघांत फैलावर घेतला. दुसऱ्याने हिशोब संगणकावर घालू म्हटलं, त्याला म्हणालो, आधी वही लिहायला शीक. दोघांपैकी एक पनवेलला आहे, दुसरा फोन उचलत नाही. दुसरा पावसाळा कोण काढणार, हे मी गावाला १९ वर्षं विचारत राहिलो. माझ्या माघारी कोण, हे स्वतःला नाही विचारलं. गेल्या पावसात गुडघा गेला, टाकीवर चढता येईना, तेव्हा सुचलं.

तरी मी चुकलो ते पोरांच्या बाबतीत. वहीच्या बाबतीत नाही. वही पाहिजेच.

संस्था नोंदवण्याचं म्हणशील तर ते अवघड नाही. सात सह्या लागतात, १८६० च्या कायद्याखाली नोंद होते, मग १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे. अवघड असतं नंतर. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा, दरवर्षी हिशोब तपासून पाठवायचा. आपल्या आसपास अशी मंडळं आहेत ज्यांचे अध्यक्ष वारून दहा वर्षं झाली, पण कागदावर अजून तेच अध्यक्ष. बँकेत पैसे पडून, सही कोणाची चालत नाही. तुला आठवी संस्था काढायची घाई आहे. आधीच्या सातांतल्या एकीचा बदल अर्ज तरी भरून दाखव. वाचनालयाचंही तेच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. ते दार रोज उघडणारे इतकी वर्षं मिळत गेले, म्हणून आहे. आपल्या वाडीच्या वाचनालयाचं कुलूप गंजलंय, पुस्तकं आत आहेत. तुला नवी इमारत कशाला हवी? थोडं रॉकेल आण, कुलपात सोड.

वनराई बंधाऱ्याचं तू अहवालात लिहिलंच नाहीस, हे मला खुपलं. दिवाळीनंतर पऱ्याची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, आडव्या रचायच्या. एवढा पाऊस पडून जांभ्यातून सगळा झिरपून जातो आणि एप्रिलमध्ये टँकर बोलवावा लागतो. बंधाऱ्यामागे पाणी तुंबलं की खालच्या विहिरीला महिना-दीड महिना जास्त ओल राहते. तुझ्या प्राध्यापकांना ते काम टिकाऊ वाटणार नाही, कारण बंधारा पहिल्याच पुरात वाहून जातो. जाऊ दे. तो जाणार हे धरूनच बांधलेला असतो. गोण्या जातात, गोण्या भरायची सवय राहते. आम्ही सलग नऊ वर्षं बांधला. मग दोन वर्षं नाही बांधला, कारण मी आजारी होतो आणि चावी, फावडी, गोण्या सगळं माझ्या पडवीत. बघ, पुन्हा मीच.

पुण्याची नोकरी वाईट नाही. जायचं तर जा, अपराधी वाटून घेऊ नकोस. इथे थांबून कुढणाऱ्यांची भर नको. मात्र थांबलीस तर दोन वर्षांसाठी थांब. एका वर्षाचं मला सांगू नकोस, ते कोणीही करतं.

थांबणार असशील तर येत्या रविवारी टाकी धुवायची आहे. सकाळी साडेसहाला ये, काथ्याचा ब्रश मी देतो, शिडीवर तू चढायचंस. पावसाळी चपला घाल, आत शेवाळ आहे. पनवेलच्या त्या पोराचा नंबर माझ्याकडे आहे, तूच फोन कर. हिशोब संगणकावर घालायचा असेल तर घाला दोघं, वहीसुद्धा लिहा.

त्यानंतर पाणीपट्टीच्या वसुलीला निघायचं आहे. पहिलं घर माझ्या भावाचं घे. त्याचा नळ पुढे पुतण्याने बाकी भरून जोडून घेतला, पण यंदाचे तीन महिने थकलेत. मी पाठवलंय असं सांगू नकोस. पावती नीट फाड, खाडाखोड नको. आणि त्याने कलमाचे आंबे पुढे केले तर नाही म्हणू नकोस. दोन पिशवीत वेगळे ठेव.

तुझा,
नाना