रात्रभर फोन वाजतो, पण खरं बिघडतं तेव्हा चूप

प्रश्न : नमस्कार दादा, मी दारव्हा तालुक्यातल्या गावातून वर्क फ्रॉम होम करतो, कंपनी पुण्याची आहे अन् डेटा वेअरहाऊस (कंपनीचा सगळा डेटा साठवायचा मोठा डेटाबेस) अॅमेझॉन रेडशिफ्टवर, जुन्या डीसी-२ प्रकारचे चार नोड, म्हणजे चार मशीन. सीपीयू ८० टक्क्यांच्या वर गेला की मेसेज, असा क्लाउडवॉचमध्ये (सिस्टिमवर नजर ठेवायचं अॅमेझॉनचं टूल) कोणीतरी अलार्म लावून ठेवलाय, रोज रात्री दोनचा लोड (नवा डेटा भरायचं काम) सुरू झाला की फोन वाजतोच. आता मी सायलेंट करूनच झोपतो. पण मागच्या महिन्यात एका रात्री लोडच चालला नाही, तेव्हा एकही अलार्म नाही, सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा कळलं. थ्रेशोल्ड (अलार्मची मर्यादा) ८० चा ९५ करू काय?

उत्तर : भाऊ, ९५ नका करू, लोड चालताना सीपीयू १०० ला पण जाईल अन् त्यात वावगं काहीच नाही, मशीन कामाला लागलंय एवढंच. आकडा राहू द्या, वेळ बदला. विहिरीवरची मोटर बघा ना, सुरू होताना अँपिअर पाच-सहा पट चढतात तरी स्टार्टरचा ओव्हरलोड रिले लगेच ट्रिप मारत नाही, करंट तसाच चढून राहिला तरच मारतो. क्लाउडवॉचमध्ये पण ही सोय आहे, पिरियड ५ मिनिटं ठेवा, म्हणजे दर ५ मिनिटांचं एक माप (डेटापॉइंट), अन् 'डेटापॉइंट्स टू अलार्म' १२ पैकी १२, म्हणजे तासभर सलग चढलेला असेल तरच मेसेज. लोड तासाच्या आत संपत असेल तर हे पुरतं, नाहीतर वाढवा.

खरी काळजी डिस्कची करा, काहून की ती भरली की क्वेरी पण पडतात अन् लोड पण. अन् इथं चारही नोडच्या सरासरीवर विसंबू नका. डिस्ट्रिब्यूशन की (कोणता डेटा कोणत्या नोडवर जाईल हे ठरवणारा कॉलम) नीट निवडली नसेल तर एकाच नोडवर डेटा साचतो, सरासरी ६० टक्के दिसते अन् तो एक नोड ९० वर असतो, म्हणून अलार्म नोडवार लावा. मी ७० ला फक्त ईमेल ठेवतो अन् ८५ ला फोन. मोठ्या जॉइनच्या (दोन टेबल जोडणाऱ्या क्वेरीच्या) टेंपररी फाइल्सनं पण डिस्क थोडा वेळ चढते, क्वेरी संपली की उतरते, त्यामुळे इथं पण दोन-तीन डेटापॉइंट जाऊ द्या.

आता त्या रात्रीचं. लोड चाललाच नाही म्हणजे सीपीयू निवांत होता, मग अलार्म येणार कुठून? लोड संपला की स्क्रिप्टमधूनच क्लाउडवॉचला १ हा आकडा पाठवत जा, त्या आकड्यावर (मेट्रिकवर) अलार्म लावा अन् 'मिसिंग डेटा' ला 'ब्रीचिंग' निवडा, म्हणजे आकडा आलाच नाही तर तोच बिघाड धरून मेसेज येईल. मुदत चोवीस तास अन् वर थोडी सूट, लोड कधी उशिरा संपतोच. माझ्या मते तुमच्याकडे बाकी काही नसलं तरी हा एक अलार्म पाहिजेच.

आणखी एक, अलार्मची स्थिती बदलते तेव्हाच मेसेज येतो, झोपेत राहून गेला तर तो परत आठवण करत नाही. गावात रेंज कधी असते कधी नसते, म्हणून एसएनएसच्या (अलार्मचे मेसेज पाठवणारी अॅमेझॉनची सेवा) टॉपिकवर पुण्यातल्या एखाद्या सहकाऱ्याचा पण नंबर टाका. सीपीयूच्या जुन्या अलार्मची वेळ आजच वर सांगितल्यासारखी बदला, अन् मग फोनचा सायलेंट काढा.