‘ठीक आहे, साहेब’च्या पलीकडे

प्रश्न : मकरपुऱ्यातल्या कारखान्यात माझ्या हाताखाली बाराजण आहेत. डिसेंबरअखेर प्रत्येकाशी बोलतो, पण सगळे “ठीक आहे, साहेब” म्हणून उठतात. मलाही रात्री सारखा फोन बघावा लागतो. काय बदलू? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : पगारवाढीची चर्चा आणि हे बोलणं एकाच बैठकीत उरकू नका. पैशांचा विषय निघाला की माणूस अडचण सांगत नाही. एकेकाला अर्धा तास द्या, तोही पाळी सुटल्यावर नव्हे, पाळीतच. “कसं चाललंय?” ऐवजी “यंदा कोणतं काम विनाकारण दोनदा करावं लागलं?” असं नेमकं विचारा आणि गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. ऐकलेल्यातली एक तरी गोष्ट आठवड्यात सुधारा, मग ती जॉबकार्डवरची, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदपत्रावरची, दुबार नोंद का असेना. नाहीतर पुढच्या वर्षीही तेच ऐकाल.

फोनचं म्हणाल तर मशीन बंद पडलं किंवा कुणाला इजा झाली, तरच रात्री निरोप, आणि तोही कॉल करून. ग्रुप म्यूट ठेवा, रिंग चालू ठेवा. सततचा थकवा, कामाचा तिटकारा, हातून काही होत नाही ही भावना, बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने पिचून जाण्याच्या, व्याख्येत जागतिक आरोग्य संघटना याच तीन गोष्टी धरते. झोप दोन आठवडे बिघडलेलीच राहिली तर डॉक्टरांना भेटाच. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबरही चोवीस तास मोफत आहे.