आधी हेडफोन, स्पीकर नंतर

घरी टेक्नो संगीत बनवायचंय, पण सदाशिव पेठेतली दहा बाय दहाची खोली आणि बजेट पंचवीस हजार? मग मॉनिटर स्पीकरचा, म्हणजे मिक्सिंगसाठीच्या खास स्पीकरचा, विचार सध्या सोड. एवढ्या चौकोनी खोलीत साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो आणि तुझ्या किकचा (ड्रमच्या खोल ठोक्याचा) मुक्काम नेमका तिथेच असतो. भिंतीला टेकून बसलास तर बेस अंगावर येईल, खोलीच्या मधोमध बसलास तर गायब होईल. भिंतीवर अंड्यांचे ट्रे तर मुळीच चिकटवू नकोस. बेसला ते जुमानत नाहीत आणि शेजारच्या काकांना तुझं टेक्नो ऐकू जायचं ते जाणारच.

त्यापेक्षा चांगला क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद असलेला, हेडफोन घे. ऑडिओ-टेक्निकाचा एम४०एक्स माझ्या मते पुरेसा आहे. सोबत पंचवीस कीजचा मिडी कीबोर्ड, म्हणजे लॅपटॉपमधली वाद्यं वाजवायच्या पट्ट्या. बऱ्याच कीबोर्डांबरोबर एबलटन लाइव्ह लाइट हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बिल करण्याआधी विचारून घे. सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) म्हणून व्हायटल या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती भरपूर झाली.

गाणं किंवा गिटार रेकॉर्ड करायचं नसेल तर ऑडिओ इंटरफेसची (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याची) घाई नको. विंडोजवर एएसआयओफॉरऑल (ASIO4ALL) हा आवाजातला उशीर कमी करणारा ड्रायव्हर टाक. वाजवताना बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा हाताळतो तो) १२८ सॅम्पल ठेव, ४४.१ किलोहर्ट्झला तो जेमतेम ३ मिलिसेकंदांचा होतो. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, १०२४ कर.

केबल तापकीर गल्लीत बघ. आणि हेडफोनमध्ये घरघर आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ. थांबली, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घे.