उत्तर तुलाही माहीत नसलेला प्रश्न

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. शिकवायला लागून जेमतेम एक सत्र झालं आणि तुला पदवीच्या मुलांना खऱ्या संशोधनात घ्यावंसं वाटतंय, हे वाचून फार बरं वाटलं. वर्गातली दोन हुशार मुलं निवडू की सगळ्यांना घेऊ, असं तू विचारलं आहेस. सगळ्यांना घे. का, ते सांगायला मला माझी एक जुनी चूक सांगावी लागेल.

मी नवीन असताना लाळेतल्या अमायलेजचं, म्हणजे स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमचं, प्रात्यक्षिक घ्यायचो. पातळ केलेली लाळ स्टार्चच्या द्रावणात मिसळायची, दर अर्ध्या मिनिटाला त्यातला एक थेंब आयोडीनमध्ये सोडायचा आणि निळा रंग उमटेनासा झाला, म्हणजे स्टार्च संपला, की वेळ लिहायची. एका मुलीची वेळ बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट आली. मी तिला पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी म्हणालो, "तुझं द्रावण पातळ करण्यात चुकतंय." चौथ्यांदा तिने शेजारणीचं रीडिंग उतरवलं आणि मी जर्नलवर सही केली.

पुढे 2007 साली एक शोधनिबंध आला. लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात आणि प्रती जास्त तर सरासरीने लाळेत अमायलेजही जास्त, असं त्यात दाखवलं होतं. तो वाचताना मला ती मुलगी आठवली. तिच्या बाबतीत कारण तेच होतं असं मी म्हणत नाही, दुसरंही काही असू शकेल. पण तीन वेळा एकच उत्तर येत असताना "हे असं का येत असेल?" एवढं मी विचारायला हवं होतं. त्या दिवशी वर्गात एकच खरा प्रश्न उभा राहिला होता आणि तो मी सही करून मिटवला. त्या मुलीने त्यातून काय शिकलं असेल, याचं मला अजून वाईट वाटतं.

आपल्या प्रात्यक्षिकांत हेच होतं. उत्तर आधी छापलेलं असतं, मग मुलं रीडिंग जुळवायला शिकतात. त्यांना आळशी म्हणू नकोस, आपण मार्क जुळण्याला देतो. म्हणून जिथे उत्तर तुलाही माहीत नाही असा एक प्रश्न प्रात्यक्षिकाच्या तासातच आण. जुळवायला काही नसलं की मुलं बघायला लागतात.

तासातच का, तर निवड करायला बसलीस की कोण पुढे येतं ते बघ. "मॅडम, तुमच्याबरोबर काम करू का?" असं विचारता येतं हेच ज्याला घरून किंवा कुणाकडून कळलेलं असतं, तो येतो. तास संपला की कामावर पळणारी, लांबून ये-जा करणारी, शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलं येत नाहीत. त्यांच्यात कुतूहल कमी असतं असं मला कधीच दिसलं नाही. काम वेळापत्रकात असलं की कुणाला विचारण्याची हिंमत गोळा करावी लागत नाही.

असं मोठ्या प्रमाणावर करता येतं का, अशी शंका तुला येईल. अमेरिकेत जीवशास्त्रज्ञ ग्रॅहॅम हॅटफुल आणि संशोधनाला पैसा पुरवणारी हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी 2008 साली 'सी-फेजेस' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात बहुतेक मुलं पहिल्या वर्षाची असतात. प्रत्येकाने मातीचा नमुना आणायचा, द्रवात ढवळायचा आणि इतक्या बारीक गाळणीतून गाळायचा की जिवाणू वर अडकतील आणि विषाणू खाली उतरतील. मग ते गाळलेलं पाणी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस या सहसा निरुपद्रवी असलेल्या जिवाणूत मिसळून प्लेटवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीत, ओतायचं. एक-दोन दिवसांत जिवाणूंची धुरकट साय प्लेटभर पसरते आणि नशीब असेल तर तिच्यात स्वच्छ, पारदर्शक ठिपके दिसतात. तिथे जिवाणू खाणाऱ्या एखाद्या विषाणूने, म्हणजे फेजने, आजूबाजूचे सगळे फोडलेले असतात. पुढे तो फेज शुद्ध करायचा, त्याचा डीएनए काढायचा, जनुकं ओळखायची. आणि त्याला नाव ठेवायचं ते शोधणाऱ्या विद्यार्थ्याने. या नाव ठेवण्याला कमी लेखू नकोस. स्वतः नाव दिलेल्या फेजसाठी मुलं सुट्टीच्या दिवशीही प्लेट बघायला येतात.

यातली गोम नीट बघ. पद्धत सगळ्यांची एक, म्हणून एकटी शिक्षिका साठ मुलांना सांभाळू शकते. नमुना प्रत्येकाचा वेगळा, म्हणून नक्कल करण्यात अर्थ उरत नाही. साहित्य साधं, धोका कमी, चुकलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा करता येतं. फेजच हवेत असं काही नाही. आवारातल्या एका झाडाच्या फुलांवर कोणते कीटक कधी येतात, हा प्रश्नही याच घडणीचा आहे आणि त्याला वही आणि घड्याळ पुरतं.

2010 साली दक्षिण आफ्रिकेत डरबन इथे एका विद्यार्थिनीला कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूला एक फेज सापडला. त्याचं नाव 'मडी'. लंडनला फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या अंगात 2018 मध्ये औषधांना न जुमानणारा मायकोबॅक्टेरियमचा संसर्ग पसरला होता. तिला जे तीन फेज दिले गेले, त्यांत मडी होता. बाकी दोघांत जनुकीय बदल करावे लागले. संसर्ग समूळ गेला नाही, पण तिची तब्येत बरीच सुधारली. ही गोष्ट मुलांना जरूर सांग, पण सत्राच्या शेवटी. पहिल्याच दिवशी सांगितलीस तर प्रत्येकाला आपल्या प्लेटवर औषध दिसायला लागेल आणि साधा ठिपका फिका वाटेल. बहुतेक फेज फ्रीजरमध्ये राहतात, त्यांची माहिती नोंदवली जाते, आणि तेही खरंच काम आहे.

आता रोजच्या कामाचं. पहिले तीन आठवडे फक्त हात बसवायला ठेव: पिपेट, निर्जंतुक काम, मोजणी. कंट्रोलची प्लेट, म्हणजे तुलनेसाठी नमुन्याशिवाय ठेवलेली, प्रत्येकाची हवीच, आणि तिच्यावर काही उगवलं तर ते लपवणाऱ्याला नव्हे, दाखवणाऱ्याला मार्क दे. वही पेनने लिहायची. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. मोजणी दोघांनी वेगवेगळी करायची, एकमेकांचा आकडा न बघता. मातीतून जे काही उगवेल त्या अनोळखी प्लेटा उगाच उघडायच्या नाहीत आणि काम संपल्यावर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केल्याशिवाय, टाकायच्या नाहीत, याबाबत मात्र कडक राहा. निबंध छापायची वेळ आली तर कुणाचं नाव का आणि कुठे येईल, हे सत्राच्या सुरुवातीलाच बोलून घे. नंतर बोललं की मनं दुखावतात.

एका गोष्टीची मला तुझ्याबाबत काळजी वाटते, कारण तुझा स्वतःचा शोधनिबंध अजून अर्धा आहे. मुलं मिळाली की त्यांना ट्यूब भरायला, बाटल्या धुवायला लावायचा मोह होतो. बाटल्या कुणीतरी धुवायलाच हव्यात. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी फळमाश्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारे टी. एच. मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत कॅल्विन ब्रिजेस हा पदवीचा विद्यार्थी बाटल्या धुवायलाच लागला होता. जाड काचेच्या बाटलीतून त्याला वेगळ्याच लाल डोळ्यांची एक फळमाशी दिसली आणि मॉर्गन यांनी त्याचं म्हणणं ऐकून त्याला माश्यांच्या कामावर घेतलं. त्याच खोलीतला आल्फ्रेड स्टर्टेव्हंटही पदवीलाच होता. 1911 मध्ये एका संध्याकाळी तो माश्यांच्या संकरांचे आकडे घरी घेऊन गेला, कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून रात्रभर बसला आणि सकाळपर्यंत त्याने गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला. तो 1913 साली प्रसिद्ध झाला. मला यात मॉर्गन यांचं मोठेपण दिसतं. त्यांनी मुलांना नुसतं काम दिलं नाही, आकडेही त्यांच्या हाती दिले. तुझ्या वर्गाचा सगळा डेटा सगळ्या वर्गाला खुला ठेव.

अभ्यासक्रम मागे पडेल, ही तुझी भीती खरी आहे. थोडा पडेल. दहा प्रात्यक्षिकांतली चार सोडून दे, वरिष्ठांशी आधी बोलून. आणि सत्र संपताना काहींच्या हाती एकही ठिपका नसेल. त्यांनी काय केलं, का लागलं नसावं, पुढे काय बदलतील, हे नीट लिहिलं असेल तर त्यांना पूर्ण मार्क दे आणि ते वर्गासमोर दे.

या आठवड्यात एवढंच कर. तुला वर्गात न्यावेसे वाटतात ते पाच-सहा प्रश्न कागदावर लिही. ज्यांचं उत्तर तुला आत्ताच लिहिता येतंय, त्यांच्यावर काट मार. उरतील ते मला पाठव.

तुझे,
सर