'द क्रूसिबल'मधलं रिव्हेंज, फिअर आणि आयरनी मराठीत कसं लिहायचं?

प्रश्न असा आलाय की आर्थर मिलरच्या 'द क्रूसिबल' नाटकावर मराठीत लेख लिहायचाय, नोट्समध्ये रिव्हेंज, फिअर आणि आयरनी असे तीन विषय दिलेत, तर त्यांना सूड, भीती आणि उपरोध म्हटलं तर चालेल का, आणि शेवटी नाटकाचा नायक प्रॉक्टर 'माझं नेम' म्हणतो तिथे प्रतिष्ठा लिहायचं की अब्रू.

थोडक्यात सांगायचं तर सूड एखाद्या ठिकाणी बरोबर, भीती अपुरी, आणि उपरोध जवळपास सगळीकडे चूक. आता सविस्तर.

सूड म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, तर कुणीतरी मोठा घात केलाय, त्याचा हिशोब मांडून बसलेला माणूस, बाप मारला म्हणून मुलगा तलवार घेऊन निघालाय वगैरे. सेलममध्ये असलं काही नाहीये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं 1692 सालचं ते गाव, काही पोरींच्या सांगण्यावरून माणसांना चेटूक केलं म्हणून धरून फाशी देतायत, आणि तिथे लोकांनी एकमेकांवर वर्षानुवर्षं डूख धरलेला आहे, आणि हा डूख शब्दच मला तिथे हवा. वॉलकॉट नावाच्या माणसाचंच बघा. त्याने चार-पाच वर्षांपूर्वी मार्था कोरीकडून डुक्कर विकत घेतलं, ते मेलं, हा पैसे परत मागायला गेला, तर ती म्हणाली की डुकराला नीट खायला घालायची अक्कल नसेल तर तुझ्याकडे डुकरं टिकायची नाहीत. बास एवढंच! आणि आता कोर्टात जाऊन तो सांगतो की त्या दिवसापासून माझं एक डुक्कर चार आठवड्यांवर जगत नाही, हिने पुस्तकं वाचून चेटूक केलंय. याला सूड म्हणून कसं चालेल, हे उट्टं काढणं आहे. पटनमचं आणखी वेगळं, त्याला शेजाऱ्यांच्या जमिनी हव्यात, म्हणजे तो दावा साधतोय, आणि त्याच्या बायकोची सात बाळं जन्मताच गेली म्हणून ती अकरा मुलं आणि सव्वीस नातवंडं असलेल्या रिबेका नर्सला पाण्यात पाहते. आणि अ‍ॅबिगेल? आळ घेणाऱ्या पोरींची ती म्होरकी, सगळे तिलाच सुडाचं उदाहरण म्हणून देतात, पण तिला प्रॉक्टरची बायको एलिझाबेथ हिच्या जागी त्याच्या घरात जायचंय हो, ती एलिझाबेथचा काटा काढतेय. सूड शब्द मी राखून ठेवीन तो प्रॉक्टरच्या तोंडी, एलिझाबेथला पकडायला माणसं येतात तेव्हा तो चिडून म्हणतो की आता या गावात सूडच कायदा लिहितोय, तिथे मात्र दुसरा शब्द नको, कारण इतकी वर्षं चुलीपाशी धुमसणारी उणीदुणी तोपर्यंत फाशीच्या दोरापर्यंत पोचलेली असतात.

याच ओघात आरोप या शब्दाबद्दल. आरोप खरा असू शकतो. सेलममध्ये जे होतं ते आळ घेणं, कुभांड रचणं, बालंट आणणं, आणि पोरी कोर्टात किंचाळून पडतात तो कांगावा. इतके नेमके शब्द आपल्याकडे असताना 'खोटे आरोप केले' एवढ्यावर भागवू नका अशी कळकळीची विनंती. आणि विच म्हणजे हडळ नाही बरं का, हडळ मेलेल्या बाईचं भूत असते, इथे जित्या माणसांना फासावर दिलंय. चेटकीण बरोबर आहे, फक्त गोष्टीच्या पुस्तकांनी तो शब्द फार मऊ केलाय. सातपुड्यात, नंदुरबारकडे, डाकीण म्हणतात आणि तिथे बायकांना डाकीण ठरवून मारहाण केल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्याच काळातल्या आहेत, महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असा आळ घेणंच गुन्हा धरलंय, त्यामुळे मराठी वाचकाला लेखात एकदा तरी डाकीण शब्द दिसू द्या, म्हणजे त्याला कळेल की ही लांबची गोष्ट नाही.

आता भीती. भीती हा सगळ्यांना पुरणारा शब्द आहे म्हणूनच तो इथे काही सांगत नाही. रात्री जंगलात नाचताना पकडल्या गेलेल्या पोरींना असते ती चाबकाची भीती, ठीक. पण पाद्री पॅरिसला असते ती धास्ती, की घरात असलं काही निघालं तर आपली गादी जाईल. त्याची मुलगी बेटी अंथरुणातून उठत नाही म्हटल्यावर गाव घेतं तो धसका. कोर्टाचा असतो धाक, आणि अ‍ॅबिगेल बाकीच्या पोरींना, तोंड उघडलंत तर रात्री येऊन बघून घेईन असं धमकावते ती दहशत. त्याच पोरींतली मेरी वॉरन खरं सांगायला कोर्टात उभी राहते आणि बाकीच्या पोरी तिचंच वाक्य न् वाक्य तिच्यावर उलटं म्हणायला लागतात, तिचा धीर सुटतो आणि ती उलटून प्रॉक्टरवरच बोट दाखवते, तो सीन 'भीतीपोटी' असं लिहून कसा संपवणार? आणि न्यायाधीश डॅनफर्थ! आपल्या सहीने बहात्तर जणांना फाशीची शिक्षा झालीय हे तो ऐटीत सांगतो, पण शेवटच्या अंकात बाराजण लटकवून झालेत, आता उरलेल्यांना सोडलं तर आधीचे बारा चुकले असं होईल म्हणून तो थांबायला तयार नाही. धाक घालणाऱ्याच्याच पोटात, आपला धाक सुटेल, ही धास्ती आहे, आणि हे दोन शब्द वेगळे ठेवले तरच हे वाक्य लिहिता येतं.

आयरनी सगळ्यात अवघड. उपरोध हा बोलणाऱ्याच्या मनात असावा लागतो, तो मुद्दाम उलटं बोलतो. एलिझाबेथच्या प्रसंगात कोण उलटं बोलतंय? प्रॉक्टर भर कोर्टात कबूल करतो की माझे अ‍ॅबिगेलशी संबंध होते, आणि सांगतो की माझी बायको कधी खोटं बोलत नाही, तिला विचारा. तिला बोलावतात, नवऱ्याकडे बघू देत नाहीत, विचारतात, आणि जन्मात खोटं न बोललेली ती बाई त्याची लाज राखायला पहिल्यांदाच खोटं बोलते, नाही म्हणते. तिथेच तो बुडतो. आपल्याला सगळं माहीत असतं, तिलाच माहीत नसतं. यावर लोक दैवदुर्विलास लिहितात, मला तोही पटत नाही, कारण त्यात दोष दैवावर जातो आणि खुर्चीत बसलेली माणसं सुटतात. हिंदीतून येणारं विडंबना तर नकोच, मराठीत विडंबन म्हटलं की लोकांना नक्कल आठवते. मी सरळ 'उफराटा न्याय' लिहीन, किंवा परीक्षेत पारिभाषिकच हवं असेल तर नाट्यात्म विसंगती. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण सेलमला लागते, पण पुरती नाही, कारण सेलममध्ये संन्याशाला सांगत होते की चोर आहेस असं कबूल कर, लगेच सोडतो. खऱ्या सेलममध्येही कबुली दिलेल्यांचा जीव वाचला आणि नाकारणारे एकोणीसजण फाशी गेले. जाइल्स कोरीने कोर्टाला हो किंवा नाही काहीच उत्तर दिलं नाही म्हणून त्या म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं.

नाटकात याच कोरीला साक्षीदाराचं नाव विचारतात आणि तो सांगत नाही, कारण आपली बायको, म्हणजे ती डुकरवाली मार्था, चोरून पुस्तकं वाचते हे आधी तोच सहज बोलून गेलेला असतो आणि त्यावरून तिला धरलेलं असतं. हे नाटक न्यूयॉर्कला 1953 च्या जानेवारीत आलं, अमेरिकेतल्या सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्ट-शोधाच्या काळात. पुढे 1956 मध्ये खुद्द मिलरला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलावून इतरांची नावं विचारली, त्याने सांगितली नाहीत, 1957 मध्ये दोषी ठरला आणि 1958 मध्ये वरच्या कोर्टात सुटला. लेखात आयरनीचा भाग लिहिताना हे जरूर घ्या, आणि तिथे फक्त 'आपण लिहिलेलं आपल्यावरच आलं' असं साधं लिहा, त्याला कुठलीच संज्ञा लावू नका.

राहिला नेमचा प्रश्न. अब्रू लिहू नका, ती प्रॉक्टरने स्वतःच भर कोर्टात संबंध कबूल करून घालवलीय. प्रतिष्ठा तर त्याहून नको, तो शब्द गावातल्या बड्या माणसांचा वाटतो, हा नांगर धरणारा माणूस आहे. तो खोट्या कबुलीवर सही करतो, पण तो कागद चर्चच्या दारावर लावणार म्हटल्यावर परत घेऊन फाडतो, म्हणजे प्रश्न अक्षरशः कागदावरच्या नावाचा आहे. आणि मराठीत नाव कमावतात, नाव राखतात, नाव घालवतात, ते सगळं त्या एकाच शब्दात येतं. नाव असंच लिहा.